गिरिधर मिस्त्रीच्या घरची जमीन

माझे बाबा कोणाच्याही घरी गेले की आधी खाली पाहत, माणसाच्या तोंडाकडे नंतर. मला पाहायला काटोलची मंडळी येऊन गेली आणि मग बाबा त्यांचं घर पाहून आले, तेव्हा माय दारातच उभी होती.

"कसं काय हाय जी घर?"

बाबांनी चपला काढल्या, गिलासभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "माणसं चांगली हायेत. पोरगाही साधा हाय. पण ओसरीच्या फरशीचा ढाळ उलटा हाय. पाणी देवघराकडे जाते."

मायनं कपाळाला हात लावला. "अजी, आपण तिथी पोरगी देऊन राहिलो का पाणी?"

गिरिधर मिस्त्री म्हटलं की नागपुरातले ठेकेदार मोझॅकच्या कामाचं नाव काढत. साठ-सत्तरच्या सुमारास धरमपेठेत, रामदासपेठेत जे बंगले उठले, त्यांतल्या पुष्कळांच्या जमिनी बाबांच्या हातच्या. तयार फरश्या बसवण्याची कामंही ते घेत, पण नाइलाजानं. त्यांचा जीव होता जागेवर ओतलेल्या जमिनीत. सिमेंटमध्ये संगमरवराचे बारीक तुकडे कालवून ओतायचे, काचेच्या पट्ट्यांनी चौकोन पाडायचे, आठ दिवस पाणी साचवून ठेवायचं आणि मग उकिडवं बसून दगडानं घासायचं. आधी जाड दगड, मग मधला, मग बारीक, शेवटी मेण. घासता घासता त्या राखाडी चिखलातून एकेक रंग वर येई. बाबा म्हणत, "जमीन आतूनच निंगते. आपण फकस्त वरचं काढाचं."

आम्ही स्वतः राहत होतो बगडगंजमध्ये भाड्याच्या दोन खोल्यांत, आणि तिथली जमीन मातीची होती. दर आठवड्याला माय ती शेणानं सारवी. मी मोठी झाल्यावर सारवण माझ्याकडे यायला हवं होतं, पण माय मला हात लावू देत नसे. "तू शाळेत जाय. तुह्या हाताले वास लागन." तिच्या स्वतःच्या हातांची बोटं तेव्हाच वाकडी व्हायला लागली होती. लहानपणी, माहेरी, तिला सांध्यांचा ताप आला होता. दोन महिने अंथरुणात होती म्हणे. पुढे ती बरी झाली, लग्न झालं, मी झाले, पण प्रत्येक हिवाळ्यात तिचे घोटे आणि गुडघे धरत. मार्गशीर्ष लागला की सकाळी उठून पहिली चार पावलं ती भिंत धरून टाकी. पाचव्या पावलाला भिंत सोडी आणि चुलीकडे जाई. मला वाटे, सगळ्यांच्याच आया अशा चालतात.

तिचं नाव प्रयागबाई. ती रडकी बाई नव्हती. बाबांची नक्कल ती अशी करायची की शेजारच्या कुसुमताई पदर तोंडात कोंबून हसत. बाबा पाव्हण्यांच्या घरी कसे बसतात, बोलता बोलता टाचेनं जमिनीचा उंचसखलपणा कसा चाचपतात, ते ती करून दाखवी. बाबा समोर असले तरी करी. तेही हसत.

बाबा काम करत त्या घरांमध्ये जायची वेळ मायवर कधी आली नव्हती. एकदाच आली. धरमपेठेतल्या मनोहररावांनी वास्तुशांतीला मिस्त्रीलाही सहकुटुंब बोलावलं. एप्रिलचा महिना होता, बाहेर अंगाची लाही होत होती. बायकांच्या पंगतीत माय माझ्या शेजारी बसली, आणि जेवण होईपर्यंत तिनं डावा तळवा जमिनीवरून उचलला नाही. घरी येताना ती सायकलच्या मागे, मी पुढच्या दांडीवर. तिनं बाबांना म्हटलं, "कसं थंडगार लागे जी. मले त उठूच नये वाटे."

ते वाक्य बाबांनी जपून ठेवलं. पुढे किती वेळा त्यांनी ते लोकांना सांगितलं याला गणती नाही. "माह्या घरवालीले मोझॅकवरून उठूच वाटत नाही."

एकाहत्तर साली मानेवाड्याकडे नव्या ले-आउटमध्ये बाबांनी लहानसा प्लॉट घेतला. तिकडे तेव्हा बाभळी आणि बोरी होत्या. भिंती हळूहळू चढल्या. सिमेंटला परमिट लागे, ते मिळायला महिने जात. पण जमिनीची तयारी बाबांनी फार आधीपासून केली होती. प्रत्येक कामावर उरलेले दगडाचे तुकडे ते मालकाला विचारून घरी आणत आणि रॉकेलच्या रिकाम्या डब्यांत रंगानुसार भरून ठेवत. हिरवे, काळे, पिवळे, फिके गुलाबी. आमच्या खाटेखाली असे अकरा डबे होते. मधल्या खोलीत आठ पाकळ्यांचं फूल घालायचं, भोवती काळी किनार, आणि स्वयंपाकघरात नुसतं पांढरं, म्हणजे तांदूळ सांडला तरी दिसू नये, हे सगळं बाबांच्या डोक्यात पक्कं होतं. तांदळाचं मायनंच सांगितलं होतं, थट्टेत. बाबांनी ते खरं धरलं.

चौऱ्याहत्तरच्या डिसेंबरात मायचे घोटे असे सुजले की चूल पेटवायला मी बसले. कुसुमताईंच्या ओळखीनं मी तिला रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. चपला बाहेर काढायच्या होत्या. बाहेरच्या पायरीवर तिनं पाय ठेवला आणि तोंड वाकडं केलं. फरशी बर्फासारखी होती. मग आम्ही आत गेलो.

आत गेल्यावर ती थांबली. मला वाटलं, चक्कर आली.

"काय झालं वं माय?"

"काई नाही," ती म्हणाली. ती खाली पाहत होती. जमीन फिक्या हिरव्या रंगाची होती, कुठे जोड नाही, चमक नाही. ती एक पाय उचले आणि ठेवी, मग दुसरा. "सत्या, हे खालचं काय हाय? गार काहून नाही लागून राहिलं?"

कंपाउंडर म्हणाला, "विनाइल आहे ते बाई. रबरासारखं असतं. पेशंटला बरं पडतं."

बसायला बाक होता, पण आमचा नंबर येईपर्यंत माय उभीच राहिली. सुजलेल्या घोट्यांनिशी उभी राहिली. डॉक्टरांनी तपासलं, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, गोळ्या लिहून दिल्या, थंडी आणि गार पाणी टाळा म्हणाले. परत येताना रिक्षात ती गोळ्यांबद्दल एक शब्द बोलली नाही. "आपल्या घरी तसं टाकता येते का वं?" एवढंच तिनं विचारलं, आणि मग स्वतःच म्हणाली, "तुह्या बाबाले कसं विचाराव?"

विचारलं मात्र तिनं. दुसऱ्याच दिवशी, जेवताना, बाबांच्या ताटात भाकर वाढता वाढता. मी तिथेच होते.

"अजी, त्या दवाखान्यातल्यावानी रबराची जमीन भेटते म्हंते. पायाले गार नाही लागत."

बाबा आधी हसले. मग घास ताटातच ठेवला. "प्लास्टिक? माह्या घरी? उद्या ठेकेदार घरी आला त काय म्हणन? गिरिधर मिस्त्री लोकाइले दगड देते अन् आपल्या बायकोले प्लास्टिक?"

"नाही त नाही," माय म्हणाली. "म्या फकस्त विचारलं."

पण बाबा वाईट नव्हते. दोन दिवस त्यांना ते टोचत राहिलं असावं, कारण रविवारी ते म्हणाले, "चाल, तुले दाखवूनच आणतो." आम्ही तिघं सीताबर्डीला ओमप्रकाश यांच्या दुकानात गेलो. परदे, गाद्या, चटया आणि मागच्या बाजूला उभे ठेवलेले विनाइलचे गठ्ठे. ओमप्रकाश शेठनं एक गठ्ठा थोडा उलगडला आणि मायला म्हणाले, "बाईजी, चप्पल उतारकर देखो."

मायनं चप्पल काढली आणि त्यावर उभी राहिली. तिचा चेहरा मला आजही दिसतो. लहान पोरीसारखी ती खाली पाहून हसली.

बाबांनी खिशातून खिळा काढला. शेठला विचारून एका तुकड्यावर रेघ ओढली. "हे पाय. खाट सरकवली का असा वरखडा." मग तुकडा दुमडला. "हे पाय, कोन असा उठते." विडी पेटवली आणि विस्तव टेकवला, तर काळा डाग पडला आणि वास सुटला. "अन् हे चुलीजवळ ठेवजो तू. दहा वर्सं नाही टिकत हे. माह्यी जमीन तुह्या नातवाइच्या नातवाइले पुरन."

बाबा बोलले ते सगळं खरं होतं. शेठसुद्धा म्हणाले, "मिस्त्रीजी की बात सही है, मोझॅक की बराबरी नहीं. लेकिन आराम की बात अलग है."

मायनं एकदाच म्हटलं, हळू, "मले नातवाइच्या नातवाइचं काय जी. मले थंडीचं म्हणाचं होतं."

बाबा म्हणाले, "अवं, तूच त म्हणे, उठूच नये वाटे म्हणून."

एप्रिलमधली गोष्ट ती, आणि हे जानेवारी. एवढं सांगणं काही कठीण नव्हतं. ती सांगू शकली असती. मीही सांगू शकले असते. पण बाबांचा चेहरा असा उजळला होता, त्या अकरा डब्यांचा विचार त्यांच्या डोळ्यांत असा दिसत होता, की माय चप्पल घालून म्हणाली, "बरं, तुमचंच करा. तेच शोभून दिसते." शेठनं एक हातभर नमुन्याचा तुकडा, डागाचा नव्हे, चांगला, कागदात गुंडाळून तिला दिला. "रख लो बाईजी." तिनं तो पिशवीत घातला.

माझं लग्न मे महिन्यात ठरलं आणि त्याआधी जमीन व्हायला हवी म्हणून बाबांनी बाहेरचं काम बंद केलं. फेब्रुवारी ते एप्रिल त्यांनी ती जमीन केली. घासायला मजूर लावले नाहीत. सगळी घासाई स्वतःच्या हातांनी. माय पाणी ओतायची, ते घासायचे. ज्या दिवशी फुलाच्या पाकळ्या चिखलातून वर आल्या, त्या दिवशी मायनं हातातली बादली खाली ठेवली आणि तिथेच मटकन बसली. "अजी, हे तुमी केलं?" तिनं विचारलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचं वाचून कोणाला वाटेल की तिला ती जमीन आवडली नव्हती. तसं नव्हतं. आम्ही त्या घरात राहायला गेल्यावर ती त्या फुलावर कोणाला खाट ठेवू देत नसे. माझ्या लग्नाला आलेल्या बायका फुलाभोवती बसल्या. ठेकेदार आले, त्यांनी गुडघे टेकून जमिनीला हात लावून पाहिला, आणि बाबा त्या दिवशी मुलीच्या बापासारखे दिसत नव्हते. नवरदेवाच्या बापासारखे दिसत होते.

मी काटोलला गेले.

पहिल्या बाळंतपणाला शहात्तरच्या डिसेंबरात माहेरी आले. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात गेले. माय स्टोव्हजवळ पाटावर बसली होती आणि तिचे दोन्ही पाय जवळजवळ, एकमेकांना चिकटवून, त्या हातभर विनाइलच्या तुकड्यावर होते. तुकड्याचा रंग पार उडाला होता. उठायचं झालं की ती आधी तो तुकडा हातानं पुढे सरकवी, त्यावर उभी राही, मग पायानंच तो ओढत ओढत पाण्याच्या मडक्यापर्यंत नेई. पांढऱ्याशुभ्र जमिनीवर, एवढ्याशा तुकड्यावरून, माझी माय अशी फिरत होती.

मी म्हटलं, "माय, हे काय करून राहिली तू?"

ती दचकली. तुकडा उचलून पाटाखाली सारला. "काई नाही. सकाळी उलीसं गार लागते."

"उलीसं? चप्पल घालत जाय नं."

"देवापुढं अन् चुलीपुढं चप्पल? काईही नको सांगू."

"मग बाबाले सांग."

तिनं माझा हात धरला. तिची बोटं गाठी आल्यासारखी झाली होती. "सत्या, तुह्या लेकराची आण हाय. बाबाले सांगजो नोको. तीन महिने त्याईनं उकिडवं बसून घासलं वं. त्याइच्या गुडघ्याचं मले माहीत हाय. अन् दोन महिन्याचीच थंडी असते. उन्हाळ्यात त हे सोन्यासारखं लागते."

पोटातल्या लेकराची आण घातल्यावर मी काय बोलणार होते? तीन महिने मी तिथे राहिले. बाबा कामावर गेले की तो तुकडा बाहेर यायचा, सायकलची घंटी वाजली की पाटाखाली जायचा. बाळाला अंघोळ घालतानाही ती त्यावर बसे. चालताना तिला धाप लागायची, ती म्हणे, वय झालं. तिचं वय तेव्हा चव्वेचाळीस होतं. मी काटोलला परत गेले आणि वर्षभर कोणाला काही बोलले नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत बाबांची तार आली. मी पहिल्या बसनं आले. माय मोठ्या दवाखान्यात होती, उशांना टेकून बसवलेली, कारण आडवं झालं की तिचा श्वास कोंडे. पाय सुजून खांबासारखे झाले होते. बाबा बाहेर व्हरांड्यात उभे होते. त्यांची दाढी वाढली होती.

"डाक्तर काय म्हणते?"

"छातीत झडप खराब हाय म्हणते." मग ते म्हणाले, "मागच्या थंडीपासून धाप लागे. मले बोलली नाही. तुले बोलली होती का वं?"

मी तिथेच सगळं सांगितलं. तुकड्याचं, मडक्यापर्यंत ओढत नेण्याचं, घंटी वाजली की लपवण्याचं. आणेचंही सांगितलं. बाबा ऐकत होते. मध्ये एकदा त्यांनी विचारलं, "दोनही पाय त्याच्यावर मावे का?"

"जवळ घेतले त मावे."

ते वळले आणि पायऱ्या उतरून गेले. मला वाटलं, चहा घ्यायला गेले असतील.

ते गेले होते सीताबर्डीला. दोन दिवस दवाखान्यात फक्त मी होते. तिसऱ्या दिवशी धुतलेले कपडे आणायला मी मानेवाड्याला गेले, तर दार उघडं आणि आतून घासण्याचा आवाज. बाबा मधल्या खोलीत उकिडवे बसले होते आणि जाड दगडानं त्या फुलावर घासत होते. पाणी न टाकता, कोरडंच. पांढरी धूळ त्यांच्या केसांवर, भुवयांवर बसली होती. स्वयंपाकघर आधीच झालं होतं. तिथली चमक गेली होती, जमीन आजारी माणसाच्या जिभेसारखी दिसत होती.

"बाबा!"

"पॉलिश उतरवा लागते," ते मान वर न करता म्हणाले. "नाही त चिपकत नाही म्हणे शेठ. मेण अजिबात पाह्यजे नाही."

भिंतीशी विनाइलचे दोन गठ्ठे उभे होते. हिरवे. सीताबर्डीभर हिंडून त्यांनी दवाखान्यातला रंग शोधला होता. मला म्हणाले, "तू जाय. तिले एकटं नको ठेवू." मी कपडे घेतले. दारात वळून पाहिलं तेव्हा सहा पाकळ्या गेल्या होत्या, दोन दिसत होत्या.

माय नऊ दिवसांनी घरी आली. डॉक्टरांनी पाठवलं, पण माझ्याशी बोलताना त्यांनी आवाज खाली आणला होता. रिक्षातून बाबांनी तिला हातांवर उचलून घेतलं. उंबऱ्याच्या आत नेऊन हळूच उभं केलं आणि तिच्या पायांकडे पाहत उभे राहिले.

तिनं खाली पाहिलं. भिंतीपासून भिंतीपर्यंत सगळं हिरवं होतं. चिकटवायच्या डिंकाचा उग्र वास अजून खोलीत होता.

"गार लागते का?" बाबांनी विचारलं.

"नाही जी," ती म्हणाली. "बरं लागते."

"खरं सांगजो."

"खरंच बरं लागते. कसं मऊ हाय."

बाबा लगबगीनं तिच्यासाठी पाणी आणायला आत गेले. तेव्हा तिनं माझ्या खांद्यावर भार दिला आणि कानाशी विचारलं, "फूल कुठी होतं वं सत्या? इथी का, का त्या तिकडं?" मी बोटानं दाखवलं. तिनं पायाचा अंगठा तिथे टेकवला. तिचे डोळे भरून आले. पण बाबांच्या हातचा गिलास आला तेव्हा ती हसत होती.

फाल्गुनात ती गेली. थंडी संपली होती, खिडकीतून ऊन आत येत होतं. सकाळी बगडगंजहून आलेल्या कुसुमताईंनी तिची वेणी घातली, ती थोडा चहा प्यायली, आणि बाबांना म्हणाली, "मले खाली बसवा." खाटेवरून तिला खाली घेतलं. भिंतीला टेकून पाय लांब करून ती बसली. मी ताट आणायला गेले. बाबांनी हाक मारली तेव्हा तिचं डोकं त्यांच्या खांद्यावर होतं आणि श्वास थांबला होता. हिरव्या जमिनीवर तिला पस्तीस दिवस मिळाले. त्यातले चालण्याचे सहा.

तेराव्यानंतर बाबा त्या रामदासपेठेतल्या डॉक्टरांकडे गेले. मी सोबत होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला. जमिनीच्या गारव्यानं हे झालं का?

डॉक्टर भला माणूस होता. त्यांनी कागदावर हृदयाचं चित्र काढून दाखवलं. लहानपणच्या तापानं झडप खराब झाली होती, ती वर्षानुवर्षं आकसत गेली. मोझॅक असो, माती असो, विनाइल असो, हे होणारच होतं. "मिस्त्री, तुमच्या जमिनीचा यात काही दोष नाही. सांधे दुखले असतील, पण त्यानं माणूस जात नाही."

"सांधे दुखले असतीन," बाबा म्हणाले.

"हो, ते दुखले असतील."

"तीन थंड्या," बाबा म्हणाले आणि उठले.

त्यानंतरही त्यांनी काम केलं, पण ते पहिल्यासारखं चाललं नाही. नव्या घरात गेले की ते मालकाला बाजूला ठेवून आत बाईमाणसाला विचारत, "बाई, तुमाले घोट्याचं, गुडघ्याचं दुखणं हाय का? थंडीत कसं राहते?" काही बायका हसत, काही संकोचून आत जात. कोणी हो म्हटलं की बाबा मालकाला म्हणत, "निदान चुलीजवळ तरी मोझॅक नका टाकू. रबर टाका." ठेकेदारांना हे परवडणारं नव्हतं. एकानं तोंडावर म्हटलं, "गिरिधर, तू आपलंच दुकान बंद करून राहिला." हळूहळू त्यांनी बोलावणं सोडलं. मग बाबा कामठीकडे एका कारखान्यात साध्या सिमेंटच्या फरश्या पाडायला जात.

मी म्हणे, बाबा, काटोलला या. ते यायचे, दोन दिवस राहायचे, परत जायचे. ब्याऐंशीच्या पावसाळ्यात घरात पाणी शिरलं आणि विनाइलचे कोन उठले. माझे यजमान म्हणाले, आता काढून टाकू, खालची जमीन पुन्हा घासून घेऊ. बाबांनी नुसती नकारार्थी मान हलवली. दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा त्यांनी कोन पुन्हा चिकटवलेले होते, वर विटा ठेवून.

माझ्या मनात मात्र एक काटा होता. वर्षभर मी गप्प राहिले होते. पंच्याऐंशीच्या सुमाराला, काटोलच्या बस स्टँडवर त्यांना बसमध्ये बसवायला गेले होते. संत्र्यांचा मोसम होता, सगळीकडे टोपल्या. गाडीला उशीर होता. मी एकदम बोलून गेले, "बाबा, म्या तुमाले आंधीच सांगाले पाह्यजे होतं. मायनं आण घातली होती, पण तरी सांगाले पाह्यजे होतं. एक थंडी तरी तिची बरी गेली असती."

सिमेंटनं भेगाळलेला हात त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला.

"पोरी, तुह्यावर काहून घेऊन राहिली? तुह्या मायनं मले सांगतलंच होतं. दोनदा सांगतलं. एकदा भाकर वाढताना अन् एकदा दुकानात. मराठीतच सांगतलं, गार लागते म्हणून. तू कशाले सांगाची राहिली?"

मी त्यांच्या पिशवीचे बंद बांधायला लागले.

"मले आयकू आलं होतं," ते म्हणाले. "आयकू नाही आलं असं नाही."

गाडी लागली. त्यांनी धोतराचा सोगा सावरला, पिशवी काखेत घेतली आणि गर्दीतून वर चढले. खिडकीची जागा मिळाली नाही. मधल्या रांगेत उभे होते, दांडा धरून. मी खालून हात हलवला, पण मध्ये माणसं होती, त्यांना दिसला नसावा. त्या वर्षीच्या पौषात, झोपेतच, ते गेले.